पंत घरपोच

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेव्हण्याचा फोन आला, तेव्हा जावई सोफ्यावर आडवा पडून स्वतःच्याच हुशारीचं कौतुक करत होता. हे काम त्याला स्वतःच करावं लागे, कारण सासरी ते कुणी अंगावर घेत नसे.

"भावोजी, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"आईच्या पोपटाला शिंगं नव्हती ना?"

जावई उठून बसला.

"शेजारच्या काकूंचा फोन आला होता," मेव्हणा म्हणाला. "त्यांच्याकडे आईच्या घराची किल्ली आहे ना. म्हणाल्या, 'पंत आला बाबा, गाडीवाले आत सोडून गेले. पण दहा दिवसांत फारच बदललाय. दाढी आलीय.'"

"दाढी?"

"आणि तो टेबलावरचं कापड खातोय म्हणे."

जावयाने घड्याळाकडे पाहिलं. सासूबाईंची गाडी पाच वाजता स्टेशनात येणार होती. बायको कार घेऊन त्यांना आणायला जायची होती. म्हणजे पावणेसहाला सासूबाई घरी. त्यांच्या घरी आत्ता खिडकीत पोपट असायला हवा होता, आणि होता बोकड.

हे प्रकरण साधं नव्हतं. पंत हा नुसता पोपट नव्हता. चार वर्षांपूर्वी सासरे गेले, पण त्यांचं एक वाक्य पंताच्या गळ्यात राहून गेलं होतं. सासरे घरी बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करत आणि दिवसातून दहादा चष्मा हरवत. पंत रोज सकाळी अगदी त्यांच्याच घोगऱ्या आवाजात विचारी, "अगं, माझा चष्मा कुठंय?" आणि सासूबाई, हातातलं काम न सोडता, उत्तर देत, "डोक्यावर बघा." या संसारात चार वर्षांत एकदाही खाडा झाला नव्हता.

बहिणीकडे दहा दिवस जायचं ठरलं तेव्हा सासूबाई पंताला शेजारी ठेवणार होत्या. जावयाने हट्ट धरला. धाकट्या मेव्हण्याचं प्राण्यांचं पाळणाघर दोन गल्ल्या पलीकडे असताना शेजारी कशाला? शिवाय पाळणाघराचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर चालत होतं आणि तो प्रोग्राम जावयाने स्वतः लिहिला होता, पीएचपी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत, फुकट. "आई, तुम्ही यायच्या आत पंत घरपोच," असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला होता. सासूबाईंनी पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, त्यांचा एवढाच आवाज उरलाय घरात. सांभाळून."

हे 'सांभाळून' आठवलं आणि जावई ताडकन उठला. तो चपला शोधत बसला नाही. बायकोच्या सपाता घालून पळत सुटला.

पाळणाघराच्या ऑफिसात मेव्हणा उभा होता आणि गाडीवाले काका बसले होते. सकाळची तिन्ही घरं आटोपल्याचं समाधान काकांच्या चेहऱ्यावर होतं. ते बशीत चहा ओतत होते.

"काका, पक्ष्याच्या घरी बोकड कसा पोचवलात?"

"कागदावर होतं, साहेब. नाव आईंचं, पत्ता आईंचा, प्राणी बोकड. मी कागद वाचतो. जनावर वाचायला मला कुणी शिकवलेलं नाही."

"मग पोपट कुठे दिला?"

"ते कसं सांगणार? बोकडाचं तेवढं दिसतं, कारण शिंगं कापडात मावत नाहीत. बाकी दोन पिंजरे झाकलेले होते. मी वाकून बघत नाही. प्रत्येकाची खासगी बाब असते."

"आवाज तरी आला असेल!"

"गाडीत मी रेडिओ लावतो."

"कागद कुठंय?"

"ज्याची पावती त्याच्या हातात."

जावयाने कॉम्प्युटर उघडला. यादी कोरी होती. प्राणी पोचला की नाव पडद्यावरून आपोआप जातं, ही सोय त्यानेच करून दिली होती आणि तेव्हा टाळीही मागितली होती.

उरलेली घरं दोन. एक चित्रकार, ज्याचा तो बोकड. दुसऱ्या एक दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांची पांढरी मांजर. म्हणजे पोपट एक तर चित्रकाराकडे नाही तर डॉक्टरीणबाईंकडे. मेव्हण्याने दोन्हीकडे फोन लावून पाहिला होता. चित्रकार काम करताना फोन बंद ठेवी. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला फोन सतत गुंतलेला. चित्रकार गावाच्या पूर्वेच्या टोकाला, दवाखाना पश्चिमेच्या. कार बायकोकडे. पाळणाघराची गाडी एकच. आधी चुकीच्या टोकाला गेलं की तास गेलाच.

"छापा-काटा करू," मेव्हणा म्हणाला.

"थांब. चूक सापडली की पोपट सापडेल."

जावयाने चष्मा डोक्यावर सरकवला, नाक पडद्याला टेकवलं आणि गेल्या आठवड्यात केलेला बदल उघडला. बदल गाडीवाल्या काकांच्या सांगण्यावरूनच केला होता. पूर्वी यादी मालकांच्या नावाप्रमाणे येई, त्यामुळे काकांना सकाळी आठचं घर सोडून आधी दुपारी बाराच्या घराची पावती वाचावी लागे. त्यांना यादी वेळेप्रमाणे हवी होती. "दोन ओळींचं काम," जावई म्हणाला होता. जगातले बहुतेक अपघात हे दोन ओळींच्या कामांतून झालेले आहेत.

त्या दोन ओळींना चार संध्याकाळी लागल्या. चारही संध्याकाळी तो याच टेबलाशी बसला होता, आणि शेजारच्या स्टुलावर पंताचा पिंजरा. काही बिघडलं की जावयाला आधी घसा खाकरायची आणि मग "असं कसं होईल? काल तर चालत होतं!" असं जगाला विचारायची सवय होती. पंत मान वाकडी करून ऐकत असे. घरातल्या कुणापेक्षा त्याने ते जास्त लक्ष देऊन ऐकलं होतं.

"असं कसं होईल?" जावई आत्ताही म्हणाला. "काल तर चालत होतं!"

"काल कुठलाच प्राणी जायचा नव्हता," मेव्हण्याने आठवण करून दिली.

दोन वाजून पन्नास मिनिटांनी जावयाने कपाळावर हात मारला.

"सापडलं! आयडीवर आयडी बसला."

"म्हणजे?"

"हे बघ. मालकांचं एक टेबल आहे, म्हणजे तक्ता. प्रत्येक मालकाला नंबर. मुक्कामांचं दुसरं टेबल. प्रत्येक मुक्कामालाही नंबर. परत जायची वेळ मुक्कामाच्या टेबलात आहे, म्हणून मी दोन्ही टेबलं जोडली आणि वेळेप्रमाणे लावली."

"मग बरोबर आहे की."

"जोडताना सांगायचं असतं, की बाबा रे, रकाने फक्त मालकांचे घे. ते राहिलं. दोन्हीकडे नंबराच्या रकान्याचं नाव आयडीच. मग मुक्कामाचा नंबर मालकाच्या नंबरवर चढून बसला."

मेव्हण्याचा चेहरा कोराच होता. जावयाने दुसरी तऱ्हा धरली.

"समज, तुझ्या गळ्यात तुझा बिल्ला आहे. रांग लावताना मी त्यावर दुसरा बिल्ला अडकवला. रांग बरोबर लागली, माणसंही बरोबर. पण खिडकीवरच्याने वरचा बिल्ला वाचला आणि त्या नंबरचं सामान काढून दिलं. आईंचा मालक नंबर एक्केचाळीस. मुक्काम नंबर अठ्ठावन्न. प्रोग्रामने अठ्ठावन्न नंबरच्या मालकाचे प्राणी आणले. अठ्ठावन्न कोण?"

मेव्हण्याने नोंदींची वही पाहिली. "चित्रकार."

"म्हणून बोकड! आता ज्याचा मुक्काम नंबर एक्केचाळीस, त्याच्याकडे पंत."

मेव्हण्याचं बोट वहीवरून खाली सरकलं. "डॉक्टरीणबाई!"

"आणि मांजर चित्रकाराकडे."

"पण तुम्ही तपासलं होतंत ना, भावोजी?"

जावयाचे कान लाल झाले. तपासलं होतं. त्याने तीन खोटे मालक घातले होते आणि तीन खोटे मुक्काम. एक नंबरच्या मालकाचा एक नंबरचा मुक्काम, दोनचा दोन, तीनचा तीन. बिल्ल्यावर बिल्ला चढला तरी आकडा तोच. सगळं इतकं सुरेख आलं होतं, की त्याने स्वतःसाठी बाहेरून आइस्क्रीम मागवलं होतं.

"तू बोकड आण," तो उठत म्हणाला. "काका, मला दवाखान्यात सोडा आणि तसेच पुढे चित्रकाराकडून मांजर घेऊन या."

"पावती?" काकांनी विचारलं.

जावयाने एका कागदावर 'मांजर, एक' असं लिहून खाली सही ठोकली. काकांनी तो दोनदा वाचला आणि मगच गाडी सुरू केली.

दवाखान्यात शिरताच जावयाला भांडण ऐकू आलं. बाहेरच्या खोलीत पाच-सहा पेशंट उभे होते, गाल धरून, पण तावातावाने. समोर रिसेप्शनिस्ट फोन कानाला लावून कुणाला तरी समजावत होती.

"आत म्हातारा माणूस कोंडलाय आणि तुम्ही म्हणता कुणी नाही?" सुजलेल्या गालाच्या एक बाई ओरडल्या.

"एक्स-रेच्या खोलीत कुणी नाहीये हो! सकाळी फक्त मॅडमच्या मांजरीचा पिंजरा ठेवलाय."

बंद दाराआडून घोगरा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठंय?"

"बघा! मांजर असं बोलते?"

जावयाला आनंदाने रडू यायचं बाकी होतं. दाराशी एक आजोबा गुडघ्यावर बसले होते. त्यांनी स्वतःचा चष्मा दाराखालच्या फटीतून आत सरकवला होता आणि ते आता आत तोंड करून विचारत होते, "मिळाला का हो? नंबर चालतोय का बघा."

"आजोबा, तो पोपट आहे," जावई म्हणाला.

आजोबांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. "पोपट आहात म्हणून काय झालं? रांगेत या."

"किल्ली कुठे आहे?" जावयाने रिसेप्शनिस्टला विचारलं.

"मॅडमच्या खिशात. आणि मॅडम आत. रूट कॅनॉल चाललंय."

"दोन मिनिटांसाठी बाहेर..."

"रूट कॅनॉल चालू असताना मॅडम भूकंपालाही थांब म्हणतात."

जावई बसला. आतल्या खोलीतून गिरमिटाचा आवाज येत होता, दाराआडून सासऱ्यांचा. साडेतीन झाले. पावणेचार. सव्वाचार वाजता डॉक्टरीणबाई मास्क खाली ओढत बाहेर आल्या. जावयाने एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, किल्ली खिशातून काढली, बोटाभोवती फिरवली आणि परत खिशात टाकली.

"माझी मांजर?"

"वाटेत आहे."

"मग पोपटही वाटेतच राहील. आधी मांजर."

"अहो, माझ्या सासूबाई..."

"माझीही मांजर आहे. ती दिसेल त्याला चावते, मलाही. कुठवर आलीय ती?"

"अगदी कोपऱ्यावर."

डॉक्टरीणबाईंनी कपाळावरचा दिवा त्याच्या चेहऱ्यावर मारला. "खोटं बोलताय. कान लाल झालेत तुमचे."

जावयाने काकांना फोन लावला. "काका, निघालात का?"

"नाही अजून. साहेब चित्र काढतायत."

"कशाचं?"

"मांजराचंच. म्हणतात, बोकड पाठवला होता, मांजर होऊन आला, म्हणजे यात काहीतरी अर्थ असेल. शेपूट राहिलीय फक्त."

"काका, शेपटीसकट उचला तिला!"

"तसं कागदावर नाहीये," काका म्हणाले, पण मागून एक किंकाळी ऐकू आली. मांजरीने चित्रकाराची ओळख करून घेतली होती. "थांबा, आता चला म्हणतायत."

फोन ठेवतो तोच बायकोचा आला.

"अरे, ऐक. गाडी चक्क अर्धा तास लवकर आली. नशीब मी लवकर निघाले होते. आम्ही स्टेशनातून बाहेर पडलो."

जावयाने मनातल्या मनात वेळा मांडल्या. सव्वापाच. पावणेसहाचे सव्वापाच झाले. आत्ता चार पस्तीस.

"सावकाश या," तो म्हणाला. "आईंना वाटेत काहीतरी खायला घाल. ताजी हवा दाखव."

"ताजी हवा? तू ठीक आहेस ना?"

चार पन्नासला काकांची गाडी आली. खाली मान घातलेली पांढरी मांजर पिंजऱ्यातून उतरली. तिच्या एका कानाला निळा रंग लागला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला छातीशी धरलं, ती त्यांना चावली, आणि दोघींची खात्री पटली. दार उघडलं. पिंजऱ्यावरचं कापड बाजूला करताच पंताने जमलेल्या पेशंटांकडे एका डोळ्याने पाहिलं आणि तो गप्प झाला. आजोबांना त्यांचा चष्मा परत मिळाला. तो लावून त्यांनी पिंजरा नीट न्याहाळला आणि म्हणाले, "बिचारा. किती वाळलाय."

गाडीत काकांनी रेडिओ लावला. जावयाने तो बंद केला. पंत बोलत नव्हता. "अगं, माझा चष्मा कुठंय?" जावई त्याला हळूच म्हणाला. पंताने पाठ फिरवली. तेवढ्यात पुन्हा बायकोचा फोन.

"अरे, आई विचारतेय, आपला धाकटा भर रस्त्यानं बोकड घेऊन कुठं चाललाय?"

जावयाने त्याला बोकड आणायला धाडून दोन तास झाले होते. "कुठंय तो?"

"आत्ता दिसला. पोस्टाच्या कोपऱ्यावर. बोकड पुढं चाललाय आणि हा मागनं ओढला जातोय. बोकडाच्या तोंडात काहीतरी पांढरं आहे."

"व्यायाम," जावई म्हणाला. "बोकडाला व्यायाम लागतो."

फोनवर त्याचे कान दिसत नव्हते, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

पाच दहाला तो सासूबाईंच्या घरात शिरला. पिंजरा खिडकीत टांगला. लेंड्या झाडल्या. शोकेसमधले सासऱ्यांचे तीन रेडिओ जागेवर होते. मग त्याची नजर मधल्या टेबलाकडे गेली. त्यावर एक मोठं विणलेलं पांढरं कापड असे, सासूबाईंच्या नणंदेने लग्नात दिलेलं, चाळीस वर्षं जपलेलं. त्याचा एक कोपरा पोस्टाच्या दिशेने गेला होता. जावयाने कापड फिरवून खाल्लेली बाजू भिंतीकडे केली आणि त्यावर फुलदाणी ठेवली. दारात गाडी थांबली.

सासूबाई आत आल्या. त्यांनी पर्स ठेवली, चष्मा कपाळावर सरकवला आणि कुणाशीही न बोलता थेट खिडकीपाशी गेल्या.

"आले हो मी."

पंत गप्प.

सासूबाई थांबल्या. बायकोने जावयाकडे पाहिलं. जावयाने पंताकडे.

"डोक्यावर बघा," सासूबाई म्हणाल्या. प्रश्न आला नव्हता. त्यांनी उत्तर आधीच देऊन पाहिलं.

पंत एका पायावर उभा राहिला. दहा दिवस, एक गाडी, एक एक्स-रेची खोली. पोपटाच्या डोक्यात असं किती मावणार? एकावर दुसरं चढून बसलं असलं तर? जावयाला तो आयडीचा रकाना आठवला.

पंताने घसा खाकरला.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "काल तर चालत होतं!"

आवाज जावयाचा होता. खाकरणंही त्याचंच.

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांनी शोकेसकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रेडिओ."

"काय आई?" बायकोने विचारलं.

"रेडिओ उघडून बसले की हेच म्हणायचे गं. रोज. 'काल तर चालत होता.' मी विसरूनच गेले होते." त्यांनी डोळे पुसले. "चार वर्षांनी आज ऐकलं. याला कसं आठवलं?"

जावयाने तोंड उघडलं. त्याच्या धंद्यात समोर दिसणारी चूक तशीच ठेवणं हे पाप समजतात. त्याने तोंड मिटलं.

पंताला आता उत्साह आला होता. तो दांडीवर पुढे सरकला आणि स्पष्ट शब्दांत म्हणाला, "एकदा रिफ्रेश करून बघू."

बायकोला खोकला आला. ती पाणी प्यायला आत गेली.

"हे काय म्हणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबा..." जावई म्हणाला, "बाबा काळाच्या बरेच पुढे होते."

"होतेच." सासूबाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जावयाच्या कानांकडे निरखून पाहिलं, आधी डाव्या, मग उजव्या. "खोटं बोलले की त्यांचेही कान असेच व्हायचे."

त्या उठल्या, टेबलाजवळून जाताना फुलदाणी उचलली, कापड फिरवून पाहिलं आणि जागच्या जागी ठेवलं.

"चहा टाकते. तुम्हीही घ्या, जावईबापू, दमलेले दिसताय. आणि नणंदबाईंचं हे कापड चाळीस वर्षं डोळ्यांसमोर आहे माझ्या. बोकडाला निरोप द्या, उरलेलंही घेऊन जा म्हणावं."

सासूबाई आत गेल्या. जावई खुर्चीत टेकला. त्याला वाटलं, आता खिशातला फोन काढावा, ती एक ओळ आत्ताच दुरुस्त करावी. पण समोरचं सगळं अंधुक दिसत होतं. चष्मा डोळ्यांवर नव्हता. त्याने खिसे चाचपले, खुर्चीखाली पाहिलं, फुलदाणीमागे पाहिलं.

"अगं, माझा चष्मा कुठंय?" खिडकीतून सासऱ्यांनी विचारलं.

"डोक्यावर बघा," सासूबाई आतून म्हणाल्या.

जावयाचा हात डोक्याकडे गेला. चष्मा तिथंच होता.